मोहाखालचा पाला

होळी तोंडावर आली तसं परसरामनं एकट्यानं घर उपसून काढलं, भिंती पांढऱ्या मातीनं पोतल्या, फुटकी मडकी बाहेर टाकली. आता मोहाचं झाड तेवढं राहिलं होतं. फुलं पडायच्या आधी खालची जमीन झाडून ठेवावी लागते, नाहीतर ती पाल्यात सापडत नाहीत. झाड नेमकं दोघा भावांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर. वाटण्या झाल्यापासून थोरल्या टेकचंदनं अबोला धरला होता, पण दर फाल्गुनात परसराम आपल्या बाजूचा पाला मुद्दाम पलीकडे लोटायचा, आणि टेकचंद तो खराट्यानं परत ढकलत ओरडायचा, “तुया कचरा माया बाजूले कायले लोटून राहिला बे?” वर्षभरात दोघांत तेवढंच बोलणं व्हायचं. यंदा पौषात टेकचंद गेला. त्याच्या बाजूला पाला घोट्यापर्यंत साचला होता. परसरामनं आपली बाजू झाडली, सवयीनं ढीग पलीकडे लोटला आणि खराटा धरून उभा राहिला. बराच वेळ कोणी ओरडलं नाही. शेवटी तो स्वतःच धुरा ओलांडून गेला, तो ढीग परत आपल्या बाजूला ढकलला आणि मोठ्यानं म्हणाला, “तुया कचरा माया बाजूले कायले लोटून राहिला बे?” शेजारच्या वावरातून रुख्माबाईनं विचारलं, “कोणासंग बोलून राहिले जी?” खराटा न थांबवता तो म्हणाला, “बोलून नाही राहिलो, भांडून राहिलो.”