नोंदीतली बाई

“चोर आहात तुम्ही सगळे!” तो फोनवर ओरडला. “वीस वर्षं ही वेबसाइट माझ्या नावावर होती. ती दुसऱ्या कंपनीकडे गेलीच कशी?”

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव सांभाळणाऱ्या कंपनीतली मुलगी शांत होती. “सर, मालकाचं नाव बदलायला आणि डोमेन तिकडे न्यायला तुमच्या नोंदीतल्या ईमेलवर परवानगी मागितली होती. होकार आला.”

“कुणाचा होकार? माझं डोकं फिरवू नका!”

फिरायला ते आधी जाग्यावर असावं लागतं, पण मुलीला नोकरी टिकवायची होती.

त्याच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानाचं सगळं काम वेबसाइटवरून यायचं. लेन्सला बुरशी लागली, शटर अडकलं की लोक तिथेच लिहायचे. ती गेली म्हणजे दुकानच गेलं.

“अगं, मेल तू बघतेस ना? का डोळे मिटून बघतेस?” तो आतल्या खोलीकडे वळून खेकसला.

“बघते ना,” बायको म्हणाली. तिच्यासमोर एक लेन्स उघडी पडली होती. तिने मान वर केली नाही.

मेल बघणं, कॅमेरे उघडून दुरुस्त करणं ही तिची कामं. काउंटरवर बसून तिला नावं ठेवणं हे त्याचं. कारागीर म्हणून साइटवर फोटो मात्र त्याचा.

मुलीने मालकीची नवी नोंद पाठवली. नुसते कंस आणि अवतरणचिन्हं, यंत्राने वाचावी अशी. फोन नंबर झाकलेला, पत्ता झाकलेला. मालकाच्या जागी एका बाईचं नाव.

“नाव दिसू द्या, असं त्यांनीच सांगितलंय,” मुलगी म्हणाली.

त्याने फोन आपटला आणि कागद छापून आत नेला.

“ही कोण भवानी? आडनावसुद्धा लावत नाही! आयत्या बिळावर नागोबा! पोलिसांतच देतो हिला.”

बायकोने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. रागाने तिचे कान लाल झाले होते.

“तुम्ही नाही ओळखत हिला?”

“मी कशाला ओळखू? जन्मात ऐकलं नाही हे नाव!”

“ऐकलं होतंत,” ती म्हणाली. “लग्नात माझं नाव बदललंत, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत.”