एकमताने स्वागत

सिस्टरांनी चष्मा लावून वर्तमानपत्राची घडी मोडली, तशी खोलीतली कुजबुज थांबली. नर्सची नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीला त्या सिस्टरच. रहिवासी संघाच्या बैठकीत आठवड्याच्या बातम्या त्याच वाचायच्या. पद्धत ठरलेली होती. आपल्या भागाची बातमी ऐकायची आणि हात वर करून तिचं एक तर स्वागत करायचं, नाहीतर निषेध. पालिकेच्या ऑफिसात ते कुणाच्या खिजगणतीतही नसे, पण माणसं घरी जाताना छाती पुढे काढून जात.

"आपल्या चढावर अखेर बस येणार," सिस्टरांनी वाचलं. टाळ्या पडल्या. "बस वळवण्यासाठी माथ्यावरील एक जुने बांधकाम पाडण्यात येईल."

ते बांधकाम कुठलं, हे सिस्टरांना ठाऊक होतं. सकाळीच त्यांनी पालिकेतल्या ओळखीच्या साहेबाला फोन केला होता. "सायकलचं दुकान आणि त्याच्या वरची खोली," साहेब म्हणाला, "मंजूर झालंय, सिस्टर. नोटीस निघते आहे. आता माझ्याही हातात काही नाही." त्या तडक दुकानात गेल्या. सायकलवाले काका टबात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होते. त्यांनी स्टूल पुसून दिलं. सिस्टर बसल्या, काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि उठून आल्या. उभ्या आयुष्यात वॉर्डाबाहेर उभं राहून किती जणांना नको ते सांगितलं होतं, पण आज जीभच रेटेना.

आता काका पहिल्या रांगेत होते आणि सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच होत्या.

"आमच्या हिला दवाखान्यात न्यायची सोय झाली बघा," ते शेजारच्याला म्हणाले. "दर वेळी टॅक्सीवाल्याच्या विनवण्या करायच्या, कंटाळा आला होता."

"कुठलं बांधकाम, ते बातमीत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, बेकरीचं बंद गोदाम! दुसरं काय असणार?" अध्यक्षांनी हात झटकला. "उंदरांचं माहेर आहे ते. पीडा टळेल एकदाची."

सगळे हसले.

"आणि समजा, कुणाचं राहतं घर असलं तर?"

"एकासाठी सगळ्या गल्लीची बस अडवायची का, सिस्टर? काका, तुम्हीच सांगा."

"छे, छे," काका म्हणाले. "तसं कसं चालेल?"

हात वर झाले. अध्यक्षांनी सिस्टरांकडे पाहिलं. "एकमत आहे ना? की तुमचं काही वेगळंच?" सिस्टरांचा हात कधी वर गेला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांना स्वतःची शरम वाटली.

बैठक संपली. पायऱ्यांवर काकांनी त्यांना गाठलं.

"सिस्टर, तुमचं ते बोलणं डोक्यातून जाईना. गोदामात तो म्हातारा रखवालदार राहतो की. त्याला सांगितलं का कुणी?"

"काका..."

"नसेलच सांगितलं. कोण सांगणार? आणि उद्या एकदम हातात नोटीस पडली, तर धसका घेईल बिचारा." काकांनी टोपी नीट केली. "असलं काही आपल्या माणसानं जवळ बसून सांगावं. तुम्हाला नको तो त्रास. मी जातो."

"काका, थांबा जरा."

"अहो, चढ चढायची सवय आहे मला."

ते निघालेसुद्धा. सिस्टर कठडा धरून उभ्या राहिल्या. काका मान खाली घालून, काय बोलायचं ते मनाशी जुळवत हळूहळू चढत होते. आपल्या दुकानाशी ते थांबले, वर खिडकीत बसलेल्या काकूंना "आलोच" अशी खूण केली, आणि रस्ता ओलांडून गोदामाचं दार ठोठावलं.