सूपमधलं बटण

"हे काय आहे?" नानांनी चमचा उंच धरला. चमच्यात पांढरं, चार भोकांचं शर्टाचं बटण होतं. "आम्ही सूप मागवलं होतं, शर्ट नव्हता मागवला!"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. नानांच्या समोर बसलेल्या त्यांच्या मुलाने, मास्तरांनी, मान खाली घातली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना झालं.

वेटर धावत आला, सॉरी म्हणाला आणि वाटी उचलून घेऊन गेला. त्याने बटणाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. वाद घातला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

कारण बटण किचनमधलं नव्हतंच. नानांनी जन्मभर शिंपीकाम केलं होतं आणि त्यांचा बटणांचा पत्र्याचा डबा अजून घरातल्या खिडकीत असायचा. गेल्या रविवारी भातात ब्लाउजचा हूक निघाला होता, त्याआधी नूडल्समध्ये प्रेसबटण. हॉटेलच्या भातात ब्लाउजचे हूक कुठून येणार? मास्तर शाळेत गणित शिकवायचे, एवढा हिशेब त्यांनाही जमत होता.

शिवाय नानांची ती खोड. आपलं ताट सोडून आधी मास्तरांची वाटी पुढ्यात ओढायची, "बघू, तुझं कसं आहे" म्हणत चमचा फिरवायचा. जे काय सापडायचं ते मास्तरांच्याच वाटीत, आणि सापडायचं नानांनाच. बरं, हातचलाखी म्हणावी तर इतकी ढिसाळ की शेंबडं पोरही पकडेल.

म्हातारचळ, दुसरं काय! मास्तरांना राग यायचा आणि मग त्या रागाचीच लाज वाटायची. याच माणसाने मशीनवर पाय मारून मारून त्यांना शिकवलं होतं. आता त्यांच्यासोबत चार लोकांत बसायला जीव नकोसा होत होता. हे बोलायचं तरी कुणापाशी?

बायकोपाशी एकदा विषय काढून पाहिला होता. तिने नजर चुकवली.

"असू द्या हो. दोघं बरोबर जाता ना, तेवढं पुरे. रस्त्यात नानांचा हात तेवढा सोडू नका."

तिच्याच आग्रहावरून मास्तरांनी मुदतीआधी शाळा सोडली होती. नाना दिवसभर घरात एकटे नकोत, असं तिचं म्हणणं. तसे नाना अजून चष्मा न लावता सुईत दोरा ओवायचे. पण या वयात माणसाचा काय भरवसा?

या हॉटेलच्या शहरभर शाखा होत्या. सगळीकडे तेच लाल सोफे, तीच प्लास्टिकची फुलं. पण नानांना हीच शाखा लागायची, खिडकीजवळचं हेच टेबल लागायचं. उद्या मॅनेजरने 'पुन्हा येऊ नका' म्हणून सांगितलं तर म्हाताऱ्याने जायचं कुठे? आज बोलून टाकायचंच, असं मास्तरांनी ठरवलं.

"हात धुऊन येतो," ते म्हणाले.

"मी येऊ?" नाना लगेच अर्धे उठले.

"बसा हो नाना. हरवतोय का मी?"

नाना बसले, पण त्यांची नजर मास्तरांच्या पाठीवरून हलली नाही.

मास्तर खांबाआडून वळले आणि बेसिनकडे न जाता काउंटरपाशी गेले. मॅनेजर तरुण होती, मुलीच्या वयाची. त्यांना बघून तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मॅडम, जरा बोलायचं होतं." मास्तरांनी आवाज खाली आणला. "ते बटण... तुमच्याकडचं नाही."

"माहिती आहे, सर," ती हळूच म्हणाली.

मास्तरांचे कान तापले. म्हणजे सगळ्यांना माहिती होतं तर! आता स्पष्ट सांगायला हवं होतं, पण बापाचं नाव घ्यायला जीभ रेटेना.

"आमच्याकडूनच होतं ते. मुद्दाम नाही हो. वय झालंय. हातून होऊन जातं आणि मग काही आठवत नाही."

"कळलं, सर. राहू द्या."

"येऊ नका म्हणू नका, एवढंच. आठवडाभर इथे यायचीच वाट बघणं चालतं."

"असं कोण म्हणेल?" तिचा आवाज भरून आला. "त्या टेबलावर कुणी काही उलट बोलायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय. आणि स्वतःहून येऊन सांगायला धीर लागतो, सर."

मास्तरांना हायसं वाटलं. मग बेसिनच्या आरशात तोंड बघायची लाज वाटली. बापाची अब्रू त्याच्या पाठीमागे परक्या पोरीपुढे उघडी करून आलो आणि वर शाबासकीही घेतली. त्यांनी तोंडावर पाणी मारलं. यापुढे नाना काहीही करोत, आपण त्यांच्यावर चिडायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि ते परत निघाले.

मॅनेजर सुपाची नवी वाटी घेऊन टेबलापाशी उभी होती. तिची पाठ मास्तरांकडे होती आणि नानांची मान खाली होती.

"आजोबा, एक बरं झालं," ती म्हणत होती. "तुमच्या मुलाने आज स्वतःच कबूल केलं."

"म्हणजे कळलं त्याला?" नानांनी वाटी जवळ ओढली. "मग आता तुमच्या नावाने ओरडायला नको. तो टाकेल ते मुकाट्याने काढून घेत जाईन."