पाया कोण कुणाच्या पडायचं?

घाट उतरून एसटी खोऱ्यात शिरली तसा कंडक्टर ओरडला, "घड्याळं काढा हो! हितनं पुढं काळ सावकाश."

मालनने घड्याळ पिशवीत टाकलं. शास्त्रज्ञांचं काळ मंदावणारं यंत्र बसल्यापासून खोऱ्यात एक वर्ष सरतं, तेवढ्यात बाहेर चार उलटतात. आत जायचा पास मिळेपर्यंत मालनची वीस वर्षं गेली. खोऱ्यात दिलेल्या सुलोचनाताईची पाचच. थोरली ताई आता चाळिशीची होती आणि धाकटी मालन बावन्नची.

"मग पाया कोण कुणाच्या पडायचं?" मालनची हकीकत ऐकून शेजारच्या बाईने विचारलं. "आमच्या वाडीत एक सून खोऱ्याबाहेर माहेरी राहून आली. आता सासूच तिला अहो-जाहो करते!"

सगळी एसटी हसली. मालन मात्र खिडकीबाहेर बघू लागली. आईबाप गेल्यावर तिला हक्कानं दटावणारं ताईशिवाय कुणी उरलं नव्हतं.

मालन ओट्यावर चढली तेव्हा ताई तिथं तांदूळ निवडत होती. मालनचे पांढरे केस बघून ती उठली, पदर सावरला. "या मावशी. कोण पाहिजे?"

"ताई, मी मालन."

ताईने तिचा चेहरा निरखला. मग डोळे पुसत जवळ आली आणि मालनच्या पायांशी वाकली. ताई आता आपल्याच पाया पडणार, असं मालनला वाटलं.

"चप्पल काढ आधी!" ताईने तिच्या पायावर चापट मारली. "आत्ता सारवलंय, दिसत नाही? केस पिकले, पण अक्कल काही आली नाही तुला."

मालनने मुकाट्यानं चप्पल काढली आणि वाकून पाया पडली.