एका कॉर्डवरचा सोलो

"सर, दहा मिनिटं एकच कॉर्ड, तेच ते तीन-चार सूर? ऐकणाऱ्याला झोप नाही येत?"

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणीने, तूबाने लावली होती, म्हणून मी भर गिटार क्लासमध्ये विचारलं.

नावेद सर हसले. "बेटा, जॅझमध्ये कॉर्ड नाही बदलली तरी चालतं. एकट्याने सोलो वाजवणाऱ्याने नवं काहीतरी करत राहायचं. लांबून सुरुवात करायची, कधी जोरात, कधी हळू, कधी नुसतंच थांबायचं. समोरच्याची ओळ उचलून फिरवायची. पण यायचं त्याच कॉर्डवर."

मला काही पटलं नाही. मग दहावीला ब्याण्णव टक्के पडले आणि घरातच मैफल सुरू झाली.

बाबांनी कळंबोलीच्या इंजिनिअर वरददादापासून सुरुवात केली, त्याच्या कंपनीवरून थेट अमेरिकेला गेले आणि सायन्सवर उतरले. आईने हळू आवाजात "आमचं काय, तुझं तू ठरव" लावलं, मग बराच वेळ नुसती भांडी आपटली आणि तीही सायन्सवरच आली. मी म्हटलं, मला इतिहास आवडतो. बाबांनी लगेच उचललं, "अगं, सायन्स घेऊनही इतिहास वाचता येतो की!" काय ती सफाई! आठवडाभर हेच, आणि दोघं दमतही नव्हते.

शेवटी काल जेवताना मी ताट सरकवून जोरात टाळ्या वाजवल्या.



"आई, बाबा, सोलो एक नंबर झाला. पण आता कॉर्ड मी बदलतेय. मी आर्ट्सला जाणार."