चिठ्ठीची कड
तोकिकोचा नवरा बिवा तलावावर मासेमारीला जाताना कॅलेंडरच्या पानामागे लिहून गेला होता, ‘भात लावलाय. जाऊन येतो.’ संध्याकाळी रिकामी होडी तेवढी किनाऱ्याला लागली. चार महिन्यांनी तिने ती चिठ्ठी नागिसाच्या दुकानात नेली. कागदावर काचेसारखं कडक होणारं पारदर्शक रेझिन चढवून नागिसा ब्रोच बनवायची. “काकू, खालच्या कडेला बुडबुडा अडकलाय. कड कापली तर ‘येतो’ जाईल,” आठवड्याने नागिसा ओशाळून म्हणाली. “तसंच ठेवू का?” “काप. चार महिने तेवढंच वाचत बसलेय.” कात्री फिरली. ‘येतो’ टेबलावर पडलं. तोकिकोला काहीच वाटलं नाही. नागिसाने कड कानशीने घासली आणि ब्रोच तिच्या हातात दिला. “बोट फिरवून बघा. कुठे टोचत नाही ना?” तोकिकोने बोट दाबून, सावकाश फिरवलं. “नाही गं.” नागिसाने तिचा हात धरला, तेव्हा कुठे तोकिकोला बोटावरचं रक्त दिसलं.