विहिरीची वाट

"नकाशावर बोगदा जवळच दिसतो," अभियंता मुधोळकर म्हणाले.

चार राज्यं जोडणारा महामार्ग गाव आणि विहीर यांच्या मधून जाणार होता. दोन्ही बाजूंना भिंती, आणि पलीकडे जायचा बोगदा तीन किलोमीटरवर. सरपंच यमुना टेकामनं विहिरीवर घागर भरून डोक्यावर घेतली.

"चला साहेब, तुमच्या बोगद्याच्या वाटेनं घरी जाऊ."

भर वैशाखात दोघं निघाले. तीन किलोमीटर जाऊन तेवढंच परतायचं होतं. वाटेत मुधोळकर दोनदा सावलीला बसले. यमुनाची मान अवघडली, तरी घागर तिनं खाली ठेवली नाही. आज आपण टेकलो, तर गावातल्या बायका जन्मभर चालतील, हे तिला ठाऊक होतं.

"पटलं मला," घरापाशी मुधोळकर धापा टाकत म्हणाले. "पण मंजुरी वरून लागते."

"मग वरच्यांनाही आणा. मी पुन्हा चालते."

पंधरा दिवसांनी मोठे साहेब आले. निम्म्या वाटेतच त्यांनी नकाशा मागितला आणि विहिरीसमोर लाल पेनानं बोगदा काढला. यमुना मात्र थांबली नाही. घागर घरी पोचवायची होती.